शाळा-मंडळाची खुर्ची व नगरीतील पक्षकलह

स्मरणिकेच्या संपादक-मंडळाने यंदा प्रस्तुत लेखकास 'आपल्या समाजाची शैक्षणिक वाटचाल' ह्या विषयावर चार पाने लिहिण्याची आज्ञा केली. परंतु पदवीधरांची यादी, शिष्यवृत्त्यांचा हिशेब व वसतिगृहाचा वृत्तान्त ही अंकात अन्यत्र यावयाचीच आहेत. त्यांची पुनरुक्ती करण्यापेक्षा, ज्या एका संस्थेने आपल्या आज्या-पणज्यांच्या पिढीस शाळेच्या ओट्यावरून आत घेतले किंवा ओट्यावरच बसविले, तिच्याविषयी लिहावे असे मनात आले. ती संस्था म्हणजे शाळा-मंडळ. जुन्या मंडळींच्या तोंडी 'स्कूल बोर्ड' हाच शब्द होता. नगरपालिकेची निवडणूक जवळ आली म्हणजे एकाच पक्षाच्या दोन गटांत रात्र-रात्र जी खलबते चालत, त्यांपैकी पुष्कळशी ह्या मंडळाच्या जागांसाठी असत. आजच्या तरुणांस हे ठाऊक असण्याचे कारण नाही, कारण ते मंडळच आता उरलेले नाही.

गावच्या शाळेचा कारभार गावाकडे असावा की सरकारकडे, हा वाद पहिल्याने आमच्याकडे नीट मांडला तो महात्मा जोतीराव फुले यांनी. १८८२ साली हंटर कमिशनपुढे त्यांनी जे निवेदन केले, त्यात प्राथमिक शिक्षण बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे करावे ही मागणी आहे, आणि ती सर्वांस ठाऊक आहे. त्याच निवेदनातील दुसरी गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही. लोकल फंडाच्या कमिट्यांवर पाटील, इनामदार, सरदार अशी मंडळी असतात, शाळांच्या पैशावर समजून-उमजून देखरेख करण्याची त्यांची योग्यता नसते, सबब शिक्षणाची व्यवस्था त्यांच्या हाती सोपविणे इष्ट नाही, असा त्यांचा अभिप्राय होता. हे कोणी दूरच्या माणसाने लिहिलेले नाही. जोतीराव स्वतः १८७६ पासून १८८२ पर्यंत पुणे म्युनिसिपालिटीचे सभासद होते. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्चण्याचा प्रस्ताव तेथे आला, तेव्हा हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणास लावावा असे सांगून विरोधी मत देणारे ते एकटेच निघाले. ज्याने ही सभा आतून पाहिली, त्याने तिच्या हाती शाळा देऊ नयेत असे म्हटले, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

परंतु काळाचा ओघ उलट दिशेला होता. लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा ठराव त्याच १८८२ सालचा. पुढे नामदार गोखले यांनी १९११ मध्ये सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक वरिष्ठ कायदेमंडळात आणले व १९१२ च्या मार्चमध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले, हा इतिहास प्रसिद्धच आहे. संस्थानांत काम सोपे होते. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १९०६ पासून व करवीरात शाहू छत्रपतींनी १९१७ पासून सक्ती सुरू केली. तेथे मते मोजावयाची नव्हती. मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेल यांच्या खटपटीने १९१८ चा कायदा झाला आणि मुंबई शहर वगळून इतर नगरपालिकांस आपापल्या हद्दीत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा मिळाली. मुभा म्हटली की मतभेद आलेच, आणि मतभेद म्हटले की तट पडलेच.

ह्याचा पहिला मोठा प्रत्यय पुण्यास आला. सक्ती करावयाची हे बहुतेकांस मान्य होते. प्रश्न निघाला मुलींचा. पैसा अपुरा आहे, सबब आरंभ मुलांपासून करावा व मुलींचे पुढे पाहावे, अशी लोकमान्य टिळक व त्यांच्या पक्षाची भूमिका होती. नगरपालिकेत त्या पक्षाचे धुरीण नरसिंह चिंतामण केळकर होते. उलट बाजूस श्रीमती रमाबाई रानडे, सेवासदनाच्या भगिनी, प्रिन्सिपॉल रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे आदी मंडळी उभी राहिली. १९२० च्या आरंभी स्त्रियांनी ह्या मागणीसाठी पुण्याच्या रस्त्यांवरून मिरवणूक काढली, आणि किर्लोस्कर नाटकगृहातील सभेत प्रत्यक्ष लोकमान्यांस श्रोत्यांचा रोष सोसावा लागला. लोकमान्यांविषयी आमच्या मनात पूर्ण आदर आहे. तथापि ह्या एका प्रश्नावर पुण्यातील स्त्रिया त्यांच्यापेक्षा पुढचे पाहत होत्या, असे म्हणण्यास संकोच वाटण्याचे कारण नाही. आणखी एक विशेष असा की, तो कलह उघड होता. कोण कोणत्या बाजूस आहे व का आहे, हे वर्तमानपत्रांतून आणि व्यासपीठावरून सांगितले जात होते. पुढील चाळीस-पन्नास वर्षांत शाळांवरून जे कलह झाले, त्यांत हा गुण फारसा आढळत नाही.

माँटफर्ड सुधारणांनी शिक्षण हे खाते लोकनियुक्त मंत्र्यांकडे आले. मुंबई इलाख्यात हे पद वर उल्लेखिलेल्या परांजप्यांकडे गेले आणि त्यांच्या कारकिर्दीत १९२३ चा प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. जिल्हा लोकल बोर्डे व मोठ्या नगरपालिका यांच्याकडे प्राथमिक शाळांचा ताबा गेला, आणि त्यांनी तो आपण निवडलेल्या शाळा-मंडळामार्फत चालवावा असे ठरले. शिक्षकांच्या नेमणुका, बदल्या, बढत्या, शाळांच्या जागा, सामानाची खरेदी ही सर्व त्या मंडळाच्या कक्षेत आली.

आता येथे वाचकांनी थोडे थांबून कायद्याची रचना पाहावी. कलहाचे मूळ तीत आहे. मंडळाचे सभासद नागरिकांनी थेट निवडावयाचे नव्हते. नागरिकांनी नगरसेवक निवडावयाचे आणि नगरसेवकांनी शाळा-मंडळ निवडावयाचे. शिवाय मंडळाचा सभासद नगरसेवकच असला पाहिजे असेही नव्हते. बाहेरचा मनुष्य घेता येत असे. हेतू चांगला होता. निवडणुकीच्या धकाधकीत न पडणारा एखादा सेवानिवृत्त हेडमास्तर, एखादी शिकलेली भगिनी, मागासलेल्या वर्गातील एखादा जाणता गृहस्थ ह्या वाटेने आत यावा. अशी माणसे काही ठिकाणी आली हेही खरे. परंतु पक्षाच्या पुढाऱ्यांस त्या तरतुदीत दुसराच उपयोग दिसला. नगरपालिकेची तिकिटे थोडी आणि मागणारे पुष्कळ. ज्याला तिकीट नाकारावयाचे, त्याने बंड करून अपक्ष उभे राहू नये म्हणून त्याला काही तरी कबूल करणे भाग असे. ते काही तरी म्हणजे शाळा-मंडळाची जागा. 'अर्ज मागे घ्या, तुमची बोर्डावर सोय लावतो' हे वाक्य मराठी मुलखातील किती दिवाणखान्यांत उच्चारले गेले असेल, त्याची गणती नाही. शाळा हा शब्द त्या वाक्यात येत नाही, एवढे मात्र लक्षात घ्यावे.

दुसरी गोष्ट मतांच्या संख्येची. हजारो मतदारांची निवडणूक फिरविणे कठीण. वीस-पंचवीस नगरसेवकांची मते फिरविण्यास एक रात्र पुरते. त्यामुळे विरुद्ध पक्षाशी झुंज नगरपालिकेच्या निवडणुकीत होई आणि आपसातील झुंज शाळा-मंडळाच्या निवडणुकीत. ज्याला उघडपणे पाडता येत नाही असा स्वपक्षीय गृहस्थ बंद दाराआड पाडता येत असे.

१९२० नंतरच्या काळात ब्राह्मणेतर पक्षाने दक्षिण महाराष्ट्रात स्थानिक संस्था हाती घेण्याचा जो उद्योग केला, त्यामागे न्याय्य तक्रार होती. शिक्षकवर्ग व तपासणी अधिकारी एकाच वर्गातून येत आणि बहुजनांची मुले पहिल्या-दुसऱ्या इयत्तेतच गळत. सातारा जिल्ह्यात हा पक्ष विशेष प्रबळ होता. धनजीशहा कूपर हे त्याचे पुढारी, आणि जिल्हा लोकल बोर्डाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापणारे भाऊराव पाटील हे कूपर यांच्या कारखान्याच्या कामात त्यांचे सहकारी होते. पुढे त्या दोघांत बेबनाव झाला. पक्षातील तरुण मंडळी केशवराव जेधे यांच्याबरोबर १९३० च्या सुमारास काँग्रेसकडे वळली. जुनी मंडळी सरकारधार्जिणी म्हणून मागे राहिली. कूपर १९३७ साली एप्रिलपासून जुलैपर्यंत मुंबई इलाख्याचे पंतप्रधान झाले, तो काँग्रेसने अधिकार स्वीकारण्यापूर्वीचा अल्प काळ होय. येथे सांगावयाचे ते इतकेच की, भटशाही मोडावयास निघालेला पक्षसुद्धा सत्तेच्या जागा हाती येताच आपसात दुभंगला. भाऊरावांनी बोर्डाच्या खुर्च्यांची वाट न पाहता स्वतंत्र वसतिगृहे व शाळा उभारल्या, त्या मात्र टिकल्या.

ह्याच सुमारास डॉक्टर आंबेडकरांनी ह्या विषयावर जे लिहिले, ते प्रत्येक शिक्षकाने वाचावे असे आहे. २९ मे १९२८ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने त्यांनी सायमन कमिशनला अस्पृश्यवर्गाच्या शिक्षणाविषयी निवेदन सादर केले. प्राथमिक शिक्षण शाळा-मंडळांकडे सोपविणे थांबविले नाही तर अस्पृश्यांच्या शिक्षणास मोठा धक्का बसेल, असा त्यांचा निष्कर्ष होता. शेहेचाळीस वर्षांपूर्वी फुल्यांनी पाटील-इनामदारांविषयी जे म्हटले, तेच येथे निराळ्या शब्दांत आले आहे. सार्वजनिक विहिरी व शाळा सर्वांस खुल्या कराव्या, हा रावबहादुर बोले यांचा ठराव १९२३ च्या ऑगस्टमध्ये कायदेमंडळाने मंजूर केला होता. परंतु ठराव मुंबईस होई आणि त्याची अंमलबजावणी गावच्या बोर्डाकडे असे. ज्या सभासदाला पुढच्या निवडणुकीत गावच्या बड्या मंडळींची मते हवी आहेत, तो महारवाड्यातील मुलाला वर्गात आत बसविण्याचा हुकूम कशाला काढील? स्थानिक स्वराज्य हे ज्याचे गावात वजन आहे त्याचे स्वराज्य होते. आपल्या ज्ञातीच्या वडीलधाऱ्या मंडळींनी ह्या प्रश्नाकडे दोन्ही बाजूंनी पाहिलेले आहे. काही गावी आपली मुले ओट्यावर होती. काही गावी आपलीच माणसे बोर्डावर बसून दुसऱ्यांच्या मुलांस ओट्यावर ठेवीत होती. स्मरणिकेत फक्त पहिली गोष्ट लिहावी, असे काहींचे मत असेल, लेखकाचे नाही.

१९२९ साली हार्टोग समितीचा अहवाल आला. १९२२-२३ मध्ये पहिलीत असलेल्या शंभर मुलांपैकी १९२५-२६ मध्ये चौथीत अवघी अठरा पोहोचली, हा तिने दिलेला हिंदुस्थानचा आकडा. स्थानिक संस्थांकडे सर्व कारभार सोपविण्यात घाई झाली, असा समितीचा स्पष्ट सूर होता. शिक्षकांच्या बदल्या व नेमणुका ह्या राजकारणाच्या सोंगट्या झाल्या आहेत ही ओरड तोवर सार्वत्रिक झाली होती. व्हर्नाक्युलर फायनल पास झालेला मास्तर खेड्यात हवा तर मते फिरवू शके, कारण गावातील कागद तोच वाचून दाखवी व अर्ज तोच लिहून देई. त्यामुळे मास्तर ज्याच्या मुठीत, त्याच्या मुठीत मते, हा हिशेब पुढाऱ्यांस कोणी शिकवावा लागला नाही.

शेवटी १९३८ मध्ये बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने कायदा दुरुस्त केला. प्रशासन अधिकारी हा सरकारचा नोकर झाला आणि शिक्षकवर्गावरील मंडळाची सत्ता बव्हंशी काढून घेण्यात आली. खेर स्वतः शिक्षणाचे कळकळीचे कैवारी होते, काँग्रेस पक्ष लोकसत्तेचा कैवारी होता, आणि तरीही त्यांना लोकांच्या मंडळाची सत्ता कमी करावी लागली. ह्यापेक्षा बोलका पुरावा कोणता हवा? १९४७ च्या नव्या कायद्याने हीच घडी कायम ठेवली. मंडळे राहिली, निवडणुका राहिल्या, सभापतीची खुर्ची राहिली. नेमणुका-बदल्यांचा अधिकार कागदोपत्री प्रशासन अधिकाऱ्याकडे गेला. 'कागदोपत्री' हा शब्द येथे सहेतुक वापरला आहे. अधिकार गेला तरी शिफारस राहतेच, आणि लहान गावात शिफारस व हुकूम ह्यांत काय अंतर असते, ते शिक्षकांच्या बायकामुलांस विचारावे.

ह्यासंबंधी प्रस्तुत लेखकाने डोळ्यांनी पाहिलेले थोडेसे सांगितल्याशिवाय राहवत नाही. गावाचे व माणसांचे नाव घेत नाही. घेण्याची आवश्यकताही नाही, कारण तसे गाव एकच नव्हते. लेखक नगरपालिकेच्या शाळेत लागून काही वर्षे झाली होती. नगरपालिकेत एकाच पक्षाचे वर्चस्व, परंतु त्या पक्षाचे दोन गट. एक वाड्यावरचा, दुसरा पेठेतला. निवडणुकीच्या आधी दोन महिने तिकिटांची ओढाताण सुरू झाली. आपल्याच ज्ञातीचे एक गृहस्थ, धंद्याने शिंपी, शिक्षण जेमतेम सातवीचे, मागच्या मंडळात सभासद होते. हा मनुष्य दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळच्या शाळेस सायकलवरून येई, हजेरीपट उघडून गैरहजर मुलांची नावे विचारी आणि संध्याकाळी त्या मुलांच्या घरी जाऊन बसे. पावसाळ्यात गळणाऱ्या दोन खोल्यांची कौले त्याने बोर्डाच्या मागे लागून बदलून घेतली. मुलींची पाचवी आमच्या शाळेत उघडली ती त्याच्याच पाठपुराव्याने. त्यापूर्वी चौथीनंतर वस्तीतील मुली घरी बसत.

ह्या वेळी त्यांनी नगरसेवकपदाचे तिकीट मागितले. गटाला ती जागा दुसऱ्यास द्यावयाची होती. त्यांना वाड्यावर बोलावून 'पुन्हा शिक्षण मंडळ, आणि ह्या खेपेस सभापतिपद' असे वचन देण्यात आले. त्यांनी अर्ज भरला नाही. निवडणूक झाली, पक्ष निवडून आला. मग कळले की सभापतिपदाचे वचन आणखी दोघांस दिलेले आहे, त्यांपैकी एक पेठेतल्या गटाचा. मंडळाच्या निवडणुकीच्या दिवशी पक्षाच्या यादीत शिंपीबुवांचे नाव होते, परंतु आपल्याच पक्षाच्या मतांनी ते पडले. कोणाची मते फुटली ह्यावर गावात पंधरा दिवस वाद चालला. एकमेकांच्या दुकानावर न जाणे, लग्नाच्या पंक्तीत पाठ फिरवून बसणे, असे सर्व प्रकार झाले. आपल्या ज्ञातीचे तीन नगरसेवक होते व तिघांनीही 'मी नाही' अशी शपथ वाहिली.

नवा सभापती शाळेत आला तो एकदा, पंधरा ऑगस्टला. जूनमधील बदल्यांच्या यादीत आमच्या शाळेच्या मुलींच्या वर्गाच्या बाई होत्या; त्यांचे यजमान वाड्यावरच्या गटाचे समजले जात. त्यांच्या जागी दिवाळीपर्यंत कोणी आले नाही. पाचवीचा वर्ग मुलांच्या वर्गात मिळविण्यात आला. एकेक करून मुली येईनाशा झाल्या. हजेरीपटावर त्यांच्या नावांपुढे उभ्या रेघा ओढण्याचे काम लेखकाकडे होते. शिंपीबुवा नंतरही काही महिने शनिवारी येत, फाटकाशी सायकल टेकवून बाहेरच उभे राहत. आत या म्हटले तर 'आता माझा काय अधिकार, गुरुजी?' असे म्हणत आणि चौकशी करून जात. पुढे तेही यावयाचे थांबले.

प्रशासन अधिकाऱ्यांकडे बाईंच्या जागेसाठी अर्ज केला असता त्यांनी तो वाचून ठेवला. ते वाईट गृहस्थ नव्हते. 'सभापती निश्चित झाल्याखेरीज मी कशात हात घालणार नाही, उद्या मलाच उचलतील' असे त्यांनी सरळ सांगितले. सभापती तर निश्चित झालेच होते. परंतु पेठेतल्या गटाने अविश्वासाची तयारी चालविली होती, म्हणून ते निश्चित समजण्यात येत नव्हते. १९३८ मध्ये ज्या रोगावर औषध दिले तो रोग पन्नास वर्षांनीही तसाच अंगात होता.

जिल्ह्यांची शाळा-मंडळे तत्पूर्वीच गेली होती. १९६१ च्या कायद्याने १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या व त्यांच्या शिक्षण समित्यांकडे खेड्यांतील शाळा गेल्या. नगरपालिकांची व महानगरपालिकांची मंडळे राहिली. मोठ्या शहरांत तर ती कार्यकर्त्यांची सोय लावण्याचे ठिकाण म्हणूनच ओळखली जाऊ लागली. गणवेश, दप्तरे, बाके ह्यांच्या खरेदीवरून वर्तमानपत्रांत मजकूर येई. २००९ चा शिक्षण हक्काचा कायदा झाल्यावर शाळेची देखरेख शाळा व्यवस्थापन समितीकडे आली. तिच्यात किमान तीन-चतुर्थांश पालक व एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, दुर्बल घटकांस त्यांच्या प्रमाणात स्थान असावे, असे कलम आहे. २०१३ मध्ये महाराष्ट्राने १९४७ चा कायदा रद्द केला आणि उरलीसुरली मंडळे क्रमाक्रमाने विसर्जित झाली. ती गेली तेव्हा कोणी अश्रू ढाळल्याचे ऐकिवात नाही.

लेखकाच्या मते हिशेब इतका सरळ नाही. फुले व आंबेडकर यांनी मंडळांविषयी दाखविलेला अविश्वास बरोबर ठरला ह्यात संशय नाही. तथापि ज्या मंडळाने तो सभापती दिला, त्याच मंडळाने सातवी शिकलेल्या शिंप्यास हजेरीपट उघडून पाहण्याचा अधिकार दिला होता, आणि गट-तटांच्या मारामारीत सर्वांत आधी गेला तो तोच. मंडळातील भांडण मोडावे म्हणून कायदा तीनदा बदलला. प्रत्येक वेळी अधिकार गावापासून थोडा दूर गेला आणि भांडण तेथेच राहिले, कारण ते शाळेसाठी नव्हतेच. ते तिकिटासाठी होते. तिकिटे वाटण्याची रीत कोणत्याही शिक्षणविषयक कायद्याने बदलत नाही.

जाता जाता एक विनंती. निरनिराळ्या गावी आपल्या ज्ञातीचे जे गृहस्थ व ज्या भगिनी शाळा-मंडळांवर होत्या, त्यांच्या घरी सभांची कार्यपत्रे, शाळाभेटींच्या टिपणवह्या, बदल्यांच्या याद्या, निवडणुकीची पत्रके असे कागद माळ्यावर पडलेले असण्याचा संभव आहे. मंडळे विसर्जित झाल्यावर पुष्कळ ठिकाणची दप्तरे रद्दीत गेली. ज्यांच्याकडे असे काही असेल त्यांनी ते संघाच्या वाचनालयात आणून द्यावे. वाळवी लागलेले असले तरी चालेल. ग्रंथपाल पोच देतील. वर उल्लेखिलेल्या शिंपीबुवांची शाळाभेटींची वही त्यांच्या नातवाने दिली आहे व ती कपाट क्रमांक ३ मध्ये ठेवली आहे. वाचनालय दर रविवारी सकाळी ९ ते ११ उघडे असते.